खोलीत गारठा आहे

जेरुसलेम, ९ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अण्णांस,
आरतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडून बोललं की अख्ख्या पिंपळवंडीला कळतं, म्हणून कागदावरच लिहिते. फोटो तुमच्या लेकाच्या, भरतच्या फोनवर येईल. माझ्या श्रेयाला अक्षर मोठं करून दाखवायला सांगा.

मी सांभाळते त्या रिव्का आजी सत्त्याऐंशीच्या आहेत. हृदय थकलंय. पण मला त्यांच्या हृदयापेक्षा शनिवारची धास्ती जास्त. शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ही ज्यू माणसं काम करत नाहीत. दिवा, फोन, विस्तव, काही नाही. मी त्यांच्या धर्माची नाही, तरी मला ‘हे कर’ असं सांगायलाही या घरात बंदी. नुसतं सुचवायचं. आजी भिंतीकडे बघून म्हणतात, खोलीत गारठा आहे. मग मी हीटर लावायचा. मी स्वतःसाठी दिवा लावला, तर त्या उजेडात त्यांनी वाचलेलं मात्र चालतं.

काल शनिवारी त्या म्हणाल्या, अक्षरं बारीक झालीत. मी चष्मा पुसून दिला. त्यांना दिवा हवा होता. लई हसल्या. पण उद्या छातीत कळ आली आणि त्या नुसतं म्हणाल्या की आज रस्ता शांत आहे, तर मला कळेल का हो? या भीतीने दर शुक्रवारपासूनच जेवण जात नाही.

श्रेयाची वेणी घट्ट घालायला सासूबाईंना सांगा. माया आहेच, ती पत्रातूनही येत राहो.
तुमची आरती


पिंपळवंडी, १४ फेब्रुवारी

चि. सौ. आरतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता स्वतःला येतात याची मजा वाटते. तुझी सासू एकादशीला भाताला शिवत नाही, पण साबुदाण्याचे वडे सहा खाते. तिला म्हटलं, तुझी एक बहीण जेरुसलेमात आहे बघ. तिने लाटणं दाखवलं.

आजींना माझा एक प्रश्न विचार. देवाच्या हुकमात ही जी फट असते, ती माणसाने पाडलेली, का देवानेच ठेवलेली?

इकडे बिबट्या फिरतोय. राजुरीपासून सगळीकडची ऊसतोड उरकली, आपल्या वस्तीशेजारचा ऊस तेवढा उभा. श्रेया क्लासहून सहाला येते तेव्हा मी काठी घेऊन बांधावर उभा राहतो. मला त्याची चाहूल ऐकू येणार नाही, पण त्याला काठी तर दिसेल. भरत हसतो. म्हणतो, अण्णा, बिबट्या म्हंजे काय टपाल हाय का रोज यायला?

तिकडे हल्ल्याचा भोंगा वाजला की आधी तू लप, मग आजींचं बघ. असं लिहू नये, पण लिहितो. लोभ उरलेल्या कागदावर मावेल तेवढा.
हौशीराम


जेरुसलेम, २ मार्च

ती. स्व. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

ज्याला भीत होते ते काल झालं. दुपारी आजी बोलता बोलता थांबल्या. ओठ निळे पडले. आणि मी, नर्सिंगचा कोर्स केलेली बाई, त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. काहीतरी सुचवतील म्हणून वाट बघत होते. दहा मिनिटं गेली, समोरच घड्याळ होतं. मग राहवेना. फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. वरच्या मजल्यावरून त्यांचा मुलगा याकोव धावत आला आणि शनिवार असून आईबरोबर गाडीत बसला.

आजी वाचल्या. आज दवाखान्यात त्यांनी मला जवळ बोलावून फैलावर घेतलं. म्हणाल्या, जिवावर बेतलं की शनिवार उरत नाही. खात्री लागत नाही, नुसती शंका पुरते. अशा वेळी ‘चालेल का’ म्हणून विचारत बसतो तो रक्त सांडतो, असं त्यांच्या जुन्या पंडितांनीच सांगून ठेवलंय. तुमचा प्रश्नही विचारला. म्हणाल्या, फट देवानेच ठेवली, माणसाला श्वास घेता यावा म्हणून.

ती दहा मिनिटं डोळ्यांपुढून हलत नाहीत. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घ्या, नेहमी घेता तसं.
आरती


पिंपळवंडी, २२ एप्रिल

चि. सौ. आरतीस,
अ. उ. आ.

आम्ही सगळे ठीक. या पत्राचा फोटो भरतच काढतोय, त्यामुळे अंगठा मध्ये आला तर माझी चूक नाही.

श्रेयाला नवं दप्तर घेतलं. ती उजव्या कुशीवर झोपते. नारायणगावला १२, १५ आणि १९ तारखेला खेपा झाल्या, आता २६ला. वनखात्याची माणसं चहाला येऊन गेली. त्यांनी उसाकडेला शेळी बांधून पिंजरा ठेवलाय. शेळी दिवसभर ओरडते म्हणे. मला ऐकू येत नाही ते एक बरं.

बाकी, खोलीत लई गारठा आहे. तुझ्या बहिणीकडे, शीलाकडे, नारायणगावात उबदार असतं असं ऐकतो.

लोभ आहेच. तू हुशार आहेस.
हौशीराम


जेरुसलेम, २३ एप्रिल, पहाटे

श्रेयाच्या पप्पांना,
सप्रेम नमस्कार.

अण्णांनी मला काहीही सांगितलेलं नाही. फोटो तुम्हीच काढलाय, एकेक वाक्य तपासून बघा.

पण एप्रिलात पिंपळवंडीला गारठा? शाळा संपत आल्यावर नवं दप्तर? बारा, पंधरा, एकोणीस, सव्वीस. पहिली सुई, मग तिथून तिसरा दिवस, सातवा, चौदावा. जनावराचा दात-नख लागल्यावर द्यायच्या रेबीजच्या सुया आहेत या, मी स्वतः शंभरदा टोचल्यात. दहा दिवस फोन केला की तुम्ही म्हणता ती झोपली, ती खेळायला गेली.

मी धावत येईन, व्हिसा जाईल, म्हणून लपवलंत, हे कळतं. त्यावर नंतर भांडू. आज दिवस मावळायच्या आत श्रेयाला शीलाताईकडे पोचवा. तिला मी फोन केलाय, ती वाट बघतेय. तुम्ही म्हणाल, बिबट्या परत नाही यायचा. नक्की? शंका आहे ना थोडी? मग तेवढी पुरते. मी विचारत नाही.
आरती


नारायणगाव, २५ एप्रिल

चि. सौ. आरतीस,
अ. उ. आ.

हे पत्र शीलाच्या घरून. फोटो श्रेयानेच काढलाय, म्हणून आता उघड लिहितो. त्या दिवशी बांधावर पोचायला मला उशीर झाला. बिबट्याने मागून दप्तर धरलं. पट्टा तुटला म्हणून पोर सुटली. डाव्या खांद्यावर नखं लागलीत, ती भरतायत. शीला वेणी घट्ट घालते, तक्रार चालू आहे.

तुला कळवणार नाही असा भरतने माझ्याकडून खंडोबाचा बेलभंडारा उचलून घेतला होता. तुझं पत्र आल्यावर त्याने माझं पत्र तीनदा वाचलं. काही सापडलं नाही. मग जीप काढली.

काल सहाला मी सवयीने बांधावर गेलो. पिंजरा रिकामा. पाटाचं पाणी फुटून वाट ओली झाली होती. श्रेया यायची त्याच वाटेवर ताजे ठसे होते, थेट आपल्या दारापर्यंत. भरतला दाखवले. त्याने बोटांनी ठशाचं माप घेतलं.

मला आता दुसरीच भीती आहे. मी देवाशी खरा वागलो का लबाडी केली? आजींना विचारून कळव, असं लिहिणार होतो. मग म्हटलं, विचारत बसायचं नसतं.

गारठा थोडा कमी आहे. गेलेला नाही.
हौशीराम