कासाबाईच्या नावाची ओवाळणी

गंगाखेड,
२० डिसेंबर १९९३

प्रिय भुजंग,

तुझी भाऊबिजेची ओवाळणी मी परत पाठवली नाही रे! तुझ्या मस्कतहून सुट्टीवर आलेला झरीचा मुंजाजी स्टँडवर भेटला नि म्हणाला, "भुजंग लय नाराज हाय अक्का. तुमी पैसे वापस केले म्हणतोय." भर स्टँडवर मला रडू कोसळलं. दिवाळीपासून तुझं पत्र का नाही, ते तेव्हा कळलं. आबांच्या माघारी शेताच्या हक्कसोडीवर सही करताना मी गप्प होते, त्या रागानंच मी पैसे परत केले, असं तू धरून बसलास असणार. राग नव्हता, आबा आठवत होते.

दुसऱ्याच दिवशी बँकेत गेले. वाटलं, तू मागितलेला तो परदेशातून पैसे येण्याचा कोड मीच चुकीचा कळवला. आठच इंग्रजी अक्षरं, तीही मुंबईच्या मोठ्या शाखेची, कारण आपल्या गंगाखेडला तसला कोडच नाही. पैसे आधी मुंबईला उतरणार, मग इकडं येणार. तुझ्या भाचीनं तीनदा तपासून ती पत्रात उतरवली होती. कारकुनानं मुंबईहून आलेला कागद शोधून पाहिला. कोड बरोबर, खाते नंबर बरोबर. नाव वाचलं नि हसावं की रडावं कळेना. तू माझं माहेरचं नाव लिहिलं होतंस, कासाबाई लिंबाजी!

अरे शहाण्या, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नाव नर्मदा लिहिलं, तेव्हा तू शेजारीच लाडू खात बसला होतास की! खातं नर्मदाबाई दत्तराव या नावानं आहे. नाव जुळेना म्हणून बँकेनं रक्कम आल्या पावली तुझ्याकडं धाडली. यात कुणाचा काय दोष?

मॅनेजर म्हणाले, भावाला नर्मदाबाई लिहायला कळवा, काम सोपं आहे. मी मान हलवली नि तडक तहसीलला गेले. नर्मदाबाई आणि कासाबाई एकच, असं स्टॅम्पपेपरवर शपथपत्र केलं. तुझे दाजी साक्षीदार. सही करून मला विचारतात, आता दोघींच्या हातचं जेवायला मिळंल का? खात्यावर आता दोन्ही नावं चढलीत.

एवढा खटाटोप का, ते सांगायलाच बसले आहे. आई गेली, आबा गेले. इथं मला सगळे नर्मदाबाईच म्हणतात, नि माझं काही वाईट चाललेलं नाही. पण कासा म्हणणारा तू एकटाच उरलास. ओवाळणी अकरा रुपयांची पाठव, नाव मात्र तेच लिही.

तुझीच,
कासाअक्का