डॉक्टरांच्या गाडीचं डावं चाक

न्हाई मिस्त्री, तुमचा फोटो मी ग्यारेजात लावलेला न्हाई आन लावनार बी न्हाई. फोटोला हार, उदबत्ती, गिऱ्हाईक आलं की डोळं पुसायचं, असली नाटकं मला जमत न्हाईत. तुमाला जाऊन धा-बारा वर्सं झाली. मंचरात अजून बी कोनीतरी चा पिता पिता म्हनतंच, "जुन्नरच्या मिस्त्रीला जे घावलं न्हाई, ते ह्यानं काढलं." मी हू का चू करत न्हाई. खोटं थोडंच हाय?

नव्वदीतली गोष्ट. सात वर्सं तुमच्या हाताखाली काढली व्हती मी, लगीन झालेला बाप्या व्हतो. डॉक्टरांच्या पांढऱ्या गाडीला तुमी मागच्या ब्रेकचे लायनर नवे घातले, आन दोन दिसांनी डॉक्टर परत दारात. "अहो मिस्त्री, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळते गाडी. लेण्याद्रीच्या रस्त्याला लोक वळून बघतात." तुमी काडीनं दात कोरत म्हनला, "लायनर नवे हायती डॉक्टर. नवी सून दोन दिस रडतीच की, मंग बसती गप." सगळे हासले. चार दिसांनी डॉक्टर परत आले, तवा कोन हासलं न्हाई.

मी गाडी चालवतोय, तुमी मागच्या शिटावर बसून खिडकीतनं मुंडकं भाईर काढलंय. खोडदच्या फाट्यापत्तुर गेलो. "डावं चाक," तुमी म्हंता. बरोबर व्हतं, कान तुमचा लई पक्का. पन फुडं काय? चाकातला ब्रेकचा डरम खोलला, लायनर पालिश पेपरनं घासले, धूळ फुकली, जोडला. परत किंचाळी. परत खोलला, ग्रीस लावलं, परत तेच. तीन डाव खोलला मिस्त्री, आन हँडब्रेक काय तुमच्या डोक्यात आला न्हाई. येनार कसा? आपल्याकडं हँडब्रेक वढतंय कोन! गाडी थांबली की चाकामागं धोंडा. तुमी तर चार धोंड्यांला पिवळा रंग देऊन ठेवला व्हता. वर्सानुवर्सं न वढलेली केबल आतनं गंजती. येकदा कोनी वढून सोडली की दांडा खाली जातो, पन केबल माघारी येत न्हाई, आन लायनर डरमला घासत ऱ्हातो.

चौथ्या डावाला तुमी पान्हा उचलला, डॉक्टर गाडी न्यायला येऊन उभे व्हते, तवा मी त्यांच्याम्होरं बोललो, "मिस्त्री, ब्रेक दाबला न्हाई तरी वरडती, आन येकच डरम तापतोय. हँडब्रेकची केबल आडाकलीया."

"अय शान्या, तुला कवापासनं कान फुटलं?"

मी खाली घुसलो, केबल ढिली केली, चाक हातानं फिरवलं. गुमान फिरलं. डॉक्टर मला म्हनले, "वा, राव!" तुमच्याकडं त्यांनी बघितलंच न्हाई, आन तेच तुमाला झोंबलं.

"उद्यापासनं येऊ नको. हितं मिस्त्री येकच."

"मंग ऱ्हावा येकलेच," मी म्हनलं, आन हात बी न धुता निघालो. म्हयन्यात मंचरला सोताचं ग्यारेज टाकलं. पयले म्हयनाभर डॉक्टरांच्या सांगन्यावरनं आलेल्या गाड्यांवरच चुलीला जाळ व्हता. त्याचं मला आज बी वाईट वाटत न्हाई. चुकलं तिथं बोलायचं, मंग समोर कोन का असंना.

तुमच्या धाव्याला आलो व्हतो. पंगतीत शेजारचा म्हातारा म्हनला, "तुझं नाव काढायचा बरं का मिस्त्री. म्हनायचा, त्याचा कान माझ्यापरीस तेज, मीच त्याला उगा हाकलला." ताट तसंच सोडून उठलो.

कान न्हाई मिस्त्री. लायनर घातले त्या सांजेला गाडी उतारावर मीच लावली. धोंडा आनायचा कटाळा केला आन हँडब्रेक वढला. डॉक्टर पयल्यांदा वरडत आले तवाच मला ठावं व्हतं. तुमी तीनदा डरम खोलला, मी पान्हे देत गप ऱ्हायलो, डॉक्टर समोर असायची वाट बघत. तरी तुमी केबल बघायलाच पायजे व्हती, हे मी आज बी म्हननार. हा कागद तुमच्या घरी कुनाला देनार न्हाई. आन ह्याच्या म्होरं येक अक्षर लिवनार न्हाई. बास.