सोऱ्यावर काढलेला फोटो

ताडकळस,
३० जानेवारी

चि. बालाजी भावजी यांस,
शिवकन्या वहिनीकडून तुम्हा सगळ्यांना मनापासून आशीर्वाद.

तुमची कंबर आता कशी आहे? राजेश्रीचा खोकला थांबला असेल असं धरून चालते (थांबला नसेल तर तिनं तो दुकानातला काढा बंद करावा, हे मी तिला तीनदा सांगितलेलं आहे). इकडं आम्ही दोघं बरे आहोत. थंडी लय आहे. येळवशीच्या शेतातल्या जेवणाला तुम्ही आला नाहीत, म्हणून तुमच्या वाटणीची भज्जी आम्हीच खाल्ली आणि दोन दिवस त्याचे परिणाम भोगले. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोन लागला की तुमचे दादा शेजारी येऊन बसतात, आणि ह्या पत्रातलं काही त्यांच्या कानावर जायला नको आहे.

दसऱ्याला तुम्ही तुमचा जुना कॅमेरा दादांना देऊन गेलात, तेव्हा मला वाटलं, पुण्यातली अडगळ आमच्या घरी आली. तसं म्हटल्याबद्दल माफ करा, पण म्हटलं होतं खरं. कृषी सहायकाची नोकरी संपल्यापासून तुमचे दादा ओट्यावर बसून एसटी मोजायचे. परभणीची गाडी किती मिनिटं उशिरा आली, हे त्यांना कंडक्टरपेक्षा जास्त माहीत असायचं. आमच्यात दिवसाला दोन वाक्यं व्हायची, ‘चहा झाला का’ आणि ‘मोटर बंद केली का’. कॅमेरा आला आणि ते पुन्हा शेतात जायला लागले. माणसांचे, देवळाचे, माझे असे फोटो मात्र त्यांनी काढले नाहीत (माझा एक काढला, त्यात माझ्या पदरावरची मुंगी स्पष्ट आहे). त्यांना किडे हवे होते. लेन्स उलटी करून लावली की बारीक किडा बैलाएवढा दिसतो, हा शोध त्यांना मोबाइलवर लागला होता.

पण त्यात एक मेख निघाली. इतक्या जवळून काढलं की केसाच्या जाडीएवढंच स्पष्ट येतं. डोळा नीट आला तर पाय धुरकट, पाय आले तर पाठ गायब. म्हणून कॅमेरा हळूहळू पुढं सरकवत चाळीस फोटो काढायचे आणि लॅपटॉपवर फुकटच्या सॉफ्टवेअरनं त्यांचा एक करायचा. असं सरकवायला रेल म्हणून एक वस्तू मिळते. ती विकत घ्या म्हटलं, तर तीस वर्षं सरकारी कामाला स्वतःची सायकल वापरलेला माणूस माझ्याकडं असं पाहायला लागला, जसं मी ट्रॅक्टरच मागितला.

आधी त्यांनी टीव्हीच्या टेबलाच्या खणाचं सरकायचं लोखंडी चॅनल काढलं आणि त्यावर फळी ठोकून कॅमेरा बसवला. चॅनल इतकं गुळगुळीत, की दादांनी श्वास सोडला तरी कॅमेरा पुढं जायचा. एकदा तो सरळ करडईच्या काट्यांत घुसला. (ती फांदी त्यांनी बटाट्यात खोचून उभी केली होती. बटाटा भाजीचा होता.) मग संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मी शेव पाडत होते आणि तुमचे दादा बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिले. मला बरं वाटलं. नंतर कळलं, ते सोऱ्याच्या आट्याकडं बघत होते. एक चक्कर दिली की दांडा किती पुढं जातो, हे ते मनात मोजत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या माहेरचा पितळी सोऱ्या स्टँडवरच्या मुंजाजी वेल्डरकडं गेला. मुंजाजी म्हणाला, “बसवून देतो साहेब, पण चकली निघाली तर माझ्याकडं येऊ नका.”

आता तो सोऱ्या फळीला मागून ढकलतो, सायकलच्या ट्यूबचं रबर तिला मागं ओढून धरतं, आणि मुठीभोवती तुमची अर्पिता सुट्टीत विसरून गेलेल्या नेलपॉलिशनं सोळा खुणा केल्यात. दादा डोक्यावर काळी शाल घेऊन कॅमेऱ्यात बघतात. मी मूठ एक खूण फिरवते आणि हळूच म्हणते, ‘झालं’. ते बटण दाबतात. असं चाळीस वेळा. मधे कुणी हललं तर पहिल्यापासून.

संक्रांतीनंतरच्या मंगळवारी सकाळी आमचा एकतिसावा फोटो चालू होता. शेजारच्या सरजाबाई विरजण मागायला मागच्या दारानं आल्या. त्यांना दिसलं ते असं. पडवीत पांढरी चादर बांधलेली (उजेड नीट पडायला), तुमचे दादा तोंडावरून काळं घेऊन निश्चल, आणि मी शेजारी खाली मान घालून बसलेली. त्यांनी दोनदा हाक मारली. मी श्वास धरला होता, बोलणार कशी? सरजाबाई विरजण न घेताच गेल्या आणि दत्तराव साहेबांचं काही खरं नाही, असं त्यांनी गल्लीत सांगितलं.

चार मिनिटांत आमच्या शेताशेजारचे किशनराव आले. दारातच टोपी काढून उभे राहिले. मी ओठांवर बोट ठेवलं, तर त्यांनी डोळे पुसले. शेवटचे फोटो होईपर्यंत ते तसेच उभे होते. मग दादांनी शाल बाजूला केली आणि म्हणाले, “या किशनराव, चहा घेणार का?” किशनराव मागं सरकले ते थेट माती वाहायच्या तगारीत बसले.

चहाचा कप हातात आल्यावर ते म्हणाले, “मी तं फवारायचा पंप मागायलाच निघालो होतो, तेवढ्यात सरजाबाईनं असं सांगितलं.” त्यांच्या करडईवर काळ्या अळ्या झाल्या होत्या, पिवळ्या ठिपक्यांच्या. दादांनी लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. फोटो जुळायला चहा संपेपर्यंत वेळ लागला. आणि भावजी, मीही तो तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. तीच काळी अळी, पाठीवरचा एकेक काटा मोजून घ्यावा अशी, आणि तिच्या तोंडात पिकाचा रस शोषणारा हिरवा मावा, पाय ताठ झालेला.

किशनराव म्हणाले, “ही तं मगर दिसायलीय.”

“ढालकिड्याचं पिल्लू हाय,” दादा म्हणाले. “तुमचा मावा खायलंय. तुमी ह्यालाच मारायला निघालात.”

हेच वाक्य त्यांनी नोकरीत किती गावांत, किती पारांवर सांगितलं असेल. लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन फवारायचे. किशनरावांनी पंप नेला नाही. आठ दिवसांनी येऊन सांगून गेले, मावा बराच उतरलाय. बांधाकडच्या दोन ओळी त्यांनी दुसऱ्याच्या पंपानं फवारल्याच, पण त्याही त्यांनी स्वतःहून कबूल केल्या. आता रोज कुणी ना कुणी काडेपेटीत किडा घेऊन येतं. परवा तर एकानं घरातला ढेकूण आणला. दादांनी त्याचेही चाळीस फोटो काढले, कारण नाही म्हणवेना.

असो. पत्र लांबलं. कंबरेला जपा, मुलांना गोड पापा, राजेश्रीला सांगा वहिनीनं तिळाचे लाडू वेगळे बांधून ठेवलेत.

तुमची,
शिवकन्या वहिनी

ता. क. – लाडू न्यायला स्वतः यावं लागेल. कुरियरवाला ते मधेच खातो असा माझा संशय आहे.

ता. क. दुसरा – खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. तुम्ही दादांच्या वाढदिवसाला तयार रेल पाठवणार, असं राजेश्री बोलून गेली. त्या रेलला एकाच माणसाच्या हातानं फिरवता येईल अशी मूठ असते, हे मी मोबाइलवर पाहिलं. भावजी, ती पाठवू नका. लग्नाला चौतीस वर्षं झाली, आम्ही दोघं रोज दोन तास शेजारी बसतोय ते आत्ता कुठं. त्यात बोलायला मनाई आहे, तरी पूर्वीपेक्षा जास्तच बोलणं होतं. दादांनी विचारलं तर माझं नाव घेऊ नका, दुकानात माल संपला म्हणून सांगा. त्यांना तुमचं खोटं लगेच कळतं. पण हे कळलं तरी ते कळलं नाही असंच दाखवतील, असं मला वाटायलंय.