अण्णांच्या कानातलं घूं घूं

लातूर,
दिवाळीनंतरचा रविवार

ती. अक्कास,

राजकन्येचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले आहे. इथे टेबल नाही, मांडीवर वही घेऊन लिहून राहिले.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींची जिलबी पुन्हा सुरू झाली असेल तर मला कळवू नकोस, मी त्यांचीच बाजू घेईन. आमच्याकडे सगळे बरे आहेत. अण्णाही बरे आहेत. ते नेमके किती बरे आहेत, हे सांगायलाच हे पत्र.

खिशात मोबाइल असताना पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. तर मोबाइल खिशात नाही, दाराबाहेरच्या फळीवर आहे. मी आमच्या प्रयोगशाळेतल्या त्या खोलीत बसले आहे, जिच्याबद्दल मी सांगायला लागले की तू भाजी फोडणीला टाकायला उठतेस. बाहेरून लोखंडी पेटी, आतून भिंतींना आणि छताला निळ्या स्पंजचे सुळके, हजारो, सगळे आपल्याकडे तोंड करून. इथे कुठल्याच मोबाइलला रेंज येत नाही आणि आवाज तर भिंतीत जाऊन झोपतो. थोडा वेळ गप्प बसलं की आपलाच श्वास ऐकू येतो, मग गिळलेला आवंढा, मग खूप जुनं काहीतरी. परवा मला इथे आईच्या पाटल्यांचा आवाज आला. पीठ मळताना यायचा ना, तसा. (आप्पासाहेबांना, म्हणजे आमच्या साहेबांना, हे सांगितलं नाही. ते लगेच मला रजा देतील आणि मला रजा नको आहे, ही खोली हवी आहे.)

आता मुद्द्यावर येते. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला झालं, ते आमच्याकडे राहायला आले, त्याच आठवड्यात तू आणि दाजींनी देगलूरकडच्या आपल्या माहेरच्या घराला कुलूप लावलं आणि कवडी देवणीच्या मडिवाळप्पांच्या गोठ्यात दिली. गाय चांगल्या घरी गेली, आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाला तिचं शेण काढणं होत नव्हतं, हेही खरं. फक्त त्या माणसाला विचारायचं राहिलं. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. पण तेव्हापासून तुझा फोन आला की ते तो ऐकण्याचं मशीन घातलेल्या कानाला लावतात आणि मग "मशीनमधी घूं घूं करून राहिलंय, ठेवतो बाई" म्हणून माझ्या हातात देतात. तुझं म्हणणं, मशीन नाही, अण्णाच रुसलेत. भाऊबीजेला तू रडत म्हणालीस की आता मी फोनच करणार नाही. मी म्हणाले, अक्का, थांब. कानातल्या यंत्राशेजारी मोबाइल आला की त्यात गुणगुण होऊ शकते, हे शास्त्र आहे, हा रुसवा नाही, आणि मी सिद्ध करून दाखवते. एवढ्या आत्मविश्वासाने मी लग्नालाही हो म्हटलं नव्हतं.

माझं काम तू विचारत नाहीस, तरी सांगते. कुठलंही यंत्र घ्यायचं, त्याच्यावर हवेतून लहरी सोडायच्या आणि ते बिथरतं का बघायचं. लहरी सोडायला आमचा अँटेना आहे. मधे लांब दांडा, दोन्ही बाजूंना काड्या, मागे हातभर लांब, पुढे येता येता बोटाएवढ्या. लांबच लांब लहरी मागच्या काड्यांतून निघतात, बारीक लहरी पुढच्यांतून, म्हणून एकाच अँटेनात रेडिओपासून मोबाइलपर्यंत सगळं मावतं. (दाजींना सांग, यावर क्रिकेट दिसत नाही. मागे दोनदा विचारून झालंय.) मला तो नेहमी पंख पसरून थबकलेल्या पक्ष्यासारखा वाटतो. त्याला लाकडी तिवईवर चढवताना मी उगाचच हळू बोलते.

तर आप्पासाहेबांना विचारून मी रविवार मागून घेतला. अण्णांना सांगितलं, मशीन दुरुस्तीला नेते. त्यांनी ते कानातून काढून दिलं, जरा जास्तच पटकन. मी ते थर्माकोलच्या ठोकळ्यावर ठेवलं, शेजारी लहरींचा जोर मोजणारी डबी ठेवली, समोर तीन मीटरवर अँटेना. यंत्र आत काय बोलतंय ते बाहेर ऐकायला यावं म्हणून त्याला सलाईनची नळी जोडून भिंतीतल्या भोकातून बाहेर काढली. (औषधाच्या दुकानातल्या माणसाने विचारलं, पेशंट कुठाय. मी म्हटलं, घरी पेपर वाचताहेत.) बाहेर येऊन दार लावलं, नळी कानाला लावली आणि जोर वाढवत नेला. डबी सारखी कमीच दाखवत होती, म्हणून आणखी वाढवला. आणि अक्का, शिटी आली. बारीक, सरळ, न थांबणारी. पितळी बासरीसारखी. माझे डोळे भरून आले. अण्णा रुसले नव्हते. सगळा दोष एका चण्याएवढ्या यंत्राचा होता. मी फळीवरचा मोबाइल उचलून तुझा नंबर काढलासुद्धा.

मग वाटलं, आडवा अँटेना उभा करूनही एकदा बघावं, दोन्ही तऱ्हांनी तपासायचा नियम आहे. फिरवायला आत गेले तर मागच्या लांब काड्यांमध्ये काहीतरी चमकलं. हे प्रकरण आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाई रुक्मिणबाईंचं. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते आणि घरच्यांनाही बोलावतात. यंदा झेंडू महाग, म्हणून आत्याबाईंनी गणपतीच्या मखराची चंदेरी तारेची माळ आणली होती आणि "ह्यो बिचारा नुसता हाडाचा सापळा हाय, ह्याला काय तरी घाला" म्हणत स्वतःच्या हाताने चढवली होती. इतर यंत्रांची फुलं वाळली, निघाली. ही वाळणार कशी? दसऱ्यापासून अँटेनाचं हे पहिलंच काम, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. अशा अँटेनावर तार गुंडाळली की लहरी कुठल्या कुठे जातात. डबीला कमी मिळत होत्या, मी जोर वाढवत होते, आणि शेजारी अण्णांचं बिचारं यंत्र दोघांच्या वाटणीचं खात होतं. एवढ्या जोरात तर माझ्या दातातल्या चांदीनेही भजन म्हटलं असतं.

माळ काढली. (पाया पडून काढली, आत्याबाई विचारतील.) पुन्हा सगळं मांडलं. आडवा अँटेना, उभा अँटेना, हळूहळू पहिल्यापासून शेवटपर्यंत. नळी कानाला लावून बसले होते. काही नाही. शेवटी यंत्र रेंज असलेल्या जागी, दाराबाहेर आणलं, माझा मोबाइल त्याला टेकवून आप्पासाहेबांना फोन लावला आणि बोलत ठेवलं. शांतता. कुठेही घूं नाही. इतकं गुणी यंत्र मी या वर्षात पाहिलेलं नाही.

आता मशीन ओंजळीत घेऊन इथे बसले आहे. तू बरोबर होतीस, अण्णा रुसलेत. पण इथे डोक्यात एकच गोष्ट फिरून फिरून येते. घूं घूं होत असेल तर माणूस फोन लगेच ठेवतो ना? अण्णा ठेवत नाहीत. तू गुडघ्याचं सांगतेस, दाजींचं सांगतेस, नातीच्या शाळेचं सांगतेस, तोवर ते फोन दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून बसलेले असतात. तुझं संपलं, "अण्णा, बोला की" असं तू म्हणालीस, की मग घूं घूं सुरू होतं. मी रोज समोर बसून हे बघत होते आणि मला ते आज, काहीच ऐकू न येणाऱ्या खोलीत बसून दिसलं. अक्का, ते तुझं ऐकणं टाळत नाहीत. बोलणं टाळतात. बोलले तर कवडीचं निघेल म्हणून.

तेव्हा फोन बंद करू नकोस. बाकी क्षेम. दाजींना नमस्कार, नातीला पापा.

तुझी,
राजकन्या

ता. क. : मशीनने परीक्षा पास केली, हे अण्णांना सांगणार नाही. तूही सांगू नकोस. म्हाताऱ्या माणसाकडे एक तरी सबब असू द्यावी.

ता. क. २ : खरं काम हे, की पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये. आपण तिघं देवणीला कवडीला बघायला जाऊ. अण्णांना मी हळूहळू तयार करते, त्यांना आधी विचारायचं, एवढं या वेळी नक्की.

ता. क. ३ : हे घरी येऊन लिहिते आहे. मशीन अजून माझ्या पर्समध्येच, पाकिटात. अण्णा माझ्या पाठीमागे, खिडकीशी खुर्ची टाकून बसलेत. आत्याबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, कुणाला लिहून राहिलीस. मी मान वर न करता, अगदी हळू म्हणाले, अक्काला. खुर्चीतून आवाज आला, "तिला लिही, येताना कवडीला सरकी घिऊन ये म्हणावं. मडिवाळप्पा नुसत्या कडब्यावर ठिवत आसंल."