कावळ्यांनी धरलेला डूख

प्रिय धाकट्या,

थोरल्या भावाचा आशीर्वाद घे. पण घेताना मान खाली घालू नकोस, आकाशाकडे लक्ष असू दे. तुझी कंबर कशी आहे? इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे तुझी वहिनी खुशाल आहे. मी खिडक्या लावून, पंखा बंद करून (त्याची फडफड आता सहन होत नाही) आणि डोक्यावर हेल्मेट घालून हे पत्र लिहितो आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

या सगळ्याला कारण सौंदर्य. तुला ठाऊकच आहे, माझा डावा डोळा जन्मापासून नावापुरता. आणि उजव्यात आता मोतीबिंदू असा पिकला आहे की फाटकाजवळचं झाड मला हिरव्या धुक्यासारखं दिसतं. पण मुलाने त्याचा जुना कॅमेरा दिला आणि काय सांगू! पाखराचा फोटो काढायचा, पडद्यावर मोठा करायचा आणि नाकाला लावायचा, की पीस न् पीस दिसतं. पोपट झाले, साळुंक्या झाल्या. मग एका सकाळी गॅलरीसमोरच्या फांदीवर कावळा बसला. आपल्या शाळेत बाकावर उभं राहून आपण मोराच्या कविता म्हटल्या, हंसाच्या म्हटल्या. कावळा मात्र कवितेत आला तो फजिती करून घ्यायलाच. म्हणून मी सहज चाळा म्हणून बटण दाबलं, आणि पडदा डोळ्याशी नेला तर थक्क झालो. अरे, तो काळा नाहीच! मानेवर राखेचा मऊ करडा, पंखांची पिसं कौलांसारखी एकावर एक रचलेली, आणि त्यांच्यावरून ऊन घसरताना निळा, मग जांभळा, मग कडेला किंचित हिरवा. आपल्या दौतीतली शाई बोटावर वाळताना जशी चमकायची, अगदी तशी. माझ्या तोंडून आपोआप ओळी आल्या:

काळा म्हणुनी हिणविले ज्याला,
उन्हात त्याचा नीलम झाला.

तिसरी ओळ शोधता शोधता मी स्टुलावर चढलो आणि गॅलरीतून आणखी पुढे झुकलो. फांदीमागे त्याचं घरटं आहे, त्यात पिल्लं आहेत, हे धुक्यात मला कुठलं दिसायला! तिसरी ओळ आलीच नाही. टाळूवर टोच आली.

तेव्हापासून धाकट्या, मी माणूस राहिलो नाही, पाहिजे असलेला गुन्हेगार झालो आहे. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की वरून एक आरोळी येते, तिला चार उत्तरं येतात, आणि मी उलट्या पावली घरात. छत्री घेतली, तर छत्री मिटेपर्यंत ते तारेवर शांतपणे वाट पाहत बसले. (ती शांतता फार वाईट. ओरडणारा कावळा परवडला, विचार करणारा नको.) सूनबाईची रुंद टोपी घातली, तर ती त्यांनी उचलून गटारात टाकली. शेवटी मुलाचं हेल्मेट घालून बँकेत गेलो. रखवालदार म्हणाला, "आजोबा, आत जायचं तर ते काढा." मी म्हणालो, "आधी वर बघून सांग." तो बिचारा वर बघत राहिला, मग माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याने मला हाताला धरून खुर्चीवर बसवून पाणी दिलं. तुझी वहिनी हसून हसून बेजार. म्हणते, "जन्मभर मी टोचून बोलले, तेव्हा नाही कधी हेल्मेट घातलंत!"

पण खरी गोष्ट चार दिवसांपूर्वी कळली. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला प्लंबर आला तो दोन्ही हातांनी डोकं धरून. "काका, पाळलेत की काय हे? मी काय केलंय त्यांचं?" त्याने काहीच केलं नव्हतं. त्याला फक्त माझ्यासारखं टक्कल होतं. म्हणजे बघ, त्यांचा डूख माझ्या चेहऱ्यावर नाही, टकलावर आहे. त्या रात्री मला झोप आली नाही आणि तुझी फार आठवण झाली.

आता अडचण अशी, की येत्या शुक्रवारी सकाळी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. एकदा तारीख मी या कावळ्यांपायी चुकवली. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आजोबा, आणखी लांबवलंत तर मला ते अवघड जाईल." आणि तो एकच डोळा आहे रे. पण फाटकापर्यंत जायचं कसं? तेव्हा तू ये. कितीतरी दिवसांत आपण भेटलो नाही. गप्पा मारू, जुन्या कविता म्हणू.

वेढ्यात सापडलेला
तुझा दादा

ता. क. येशील तो शुक्रवारी सकाळीच ये. टोपी घालू नकोस, टोपीत तू बरा दिसत नाहीस. फाटकातून सावकाश ये, झाडाखाली थोडा थांब, वर बघून दोन हाका मार. त्यांचं सगळं लक्ष तुझ्याकडे असेल तेवढ्यात मी रिक्षात बसतो. लागलंच तर घरात मलम आहे.

आणखी एक ता. क. वरचं सगळं खोडणार होतो, पण कागद खराब होईल. पिल्लं परवा उडून गेली. घरटं रिकामं आहे. काल मी हळूच उघड्या डोक्याने फाटकापर्यंत जाऊन आलो. एक कावळा तारेवर होता, त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात कोणाला सांगितलेलं नाही. कावळे आहेत तोवर शुक्रवारी मी घरी का बसलो, हे कोणी विचारणार नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, थोडक्यात आटपेल, कळणारही नाही. पण पट्टी सुटल्यावर समोर धुकंसुद्धा नसलं तर? तुझ्या वहिनीपुढे मला नीट घाबरताही येत नाही, ती लगेच धीर देते. मुलगा डॉक्टरांचे आकडे सांगतो. तुला बाबा कोणाला धीर देणं कधीच जमलं नाही. म्हणून गुरुवारीच ये, आणि टोपी घालूनच ये. आपण दोघं मिळून घाबरू.