केबिनमधली दुसरी जागा

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

लातूर
ता. ५ एप्रिल १९८३

ती. सौ. अक्कास,
शिवकांताचा कृ. शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तू आणि दाजी बरे असाल. दाजींच्या दुकानात उन्हाळ्यामुळे गिऱ्हाईक नाही असं ऐकलं, तेव्हा त्यांना सुट्टी घ्यायला हरकत नसावी. का, ते पुढे लिहिते.

यांनी मुंबई-गोवा बोटीचं ठरवलं आहे! मे महिन्यात जायचं, पावसाळ्यात बोट बंद होण्याच्या आत. लातूर जिल्हा झाल्यापासून यांना कलेक्टर कचेरीत उसंत नव्हती. आता रजा मंजूर झाली आणि साहेबांनी स्वतः होऊन प्रवास सवलतीच्या कागदावर सही दिली. साहेब म्हणाले की शरणप्पा, तुम्ही नसाल तर कचेरी चालणार कशी. गंमत बघ, इकडे नळाला पाणी नाही, टँकरमागे घागरी घेऊन पळतो आहोत, आणि जाणार आहोत समुद्रावर. शेजारच्या बायकांना सांगितलं तर त्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

केबिन एकच मिळाली, दोन जागांची. बाकीच्यांनी डेकवर सतरंज्या टाकायच्या. केबिनमध्ये अव्वा आणि मी. देवणीच्या आपल्या घरची विहीर आटल्यापासून ती लेकीकडे, आमच्याकडेच आहे. अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय ती घास घेत नाही, तेव्हा तिला आडोसा पाहिजे. तू आणि दाजी, हे आणि पोरं डेकवर. वारा छान येतो म्हणतात.

खाण्याचं मी बघते. दाजींना गोड चालत नाही, यांना तिखट चालत नाही, आणि अव्वाला तर बोटीवरच्या खानावळीचा वासही चालणार नाही, तिथं मासळी शिजते. तिच्यापुरत्या कडक भाकऱ्या मी करून घेईन. तू नुसती शेंगाची चटणी आण.

माया आहेच, ती या दुष्काळात आटू देऊ नये.
तुझी,
शिवकांता

*

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

नांदेड
ता. ११ एप्रिल १९८३

चि. सौ. शिवकांता हीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. जिल्हा झाल्याचं पुन्हा एकदा कळलं. मागच्या चार पत्रांतही कळलं होतं. कालपरवापर्यंत एका दाखल्यासाठी उस्मानाबादला खेटे घालत होतात, आता शरणप्पांवाचून कचेरी अडते, ऐकून बरं वाटलं. तुझ्या दाजींनी पत्र वाचलं आणि ते हसले. मला हसू आलं नाही.

मी थोरली. तू मला चटणी आणायला सांगतेस आणि डेकवर झोपायला सांगतेस. वारा छान येतो तर तूच का घेत नाहीस वारा? तुझी पोरं तुझ्याशिवाय झोपत नाहीत असं तूच दर पत्रात लिहितेस. केबिनमध्ये अव्वासोबत मी राहणार. तिच्या भाकऱ्या मी करणार, चटणी मी करणार, धपाटीही मीच करणार.

आता स्पष्टच लिहिते, कारण आडून लिहिलेलं तुला कधी कळत नाही. माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आपल्या घरचा रिवाज. मला मूल झालं नाही. अव्वा नांदेडला येते, उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसते, पिशवीतून स्वतःचा तांब्या काढून पाणी पिते आणि संध्याकाळच्या एसटीने परत जाते. मी समोर बसून बघते. घरात चूल असून मी तिला गुळाचा खडा देऊ शकत नाही. तुझ्याकडे मात्र ती महिनोन्महिने जेवते, आणि तू मला लिहितेस की आज अव्वाला दोन वेळा वाढलं, आज तिने ताक मागून घेतलं. शिवकांता, ते वाचताना माझ्या जिवाची आग होते. तुझ्या साड्यांचा, जिल्ह्याचा, साहेबाच्या सहीचा मला हेवा नाही. त्या ताकाचा आहे.

बोट कुणाच्याच लेकीचं घर नाही. तिथं ती माझ्या हातचं खाईल. एक दिवस, एक रात्र. तेवढं मला दे. देणार नसशील तर आमची दोन तिकिटं काढू नका.

पोरांना पापे. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते रागावर अवलंबून नाहीत.
तुझी अक्का,
गुरम्मा

*

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

लातूर
ता. १८ एप्रिल १९८३

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रडले, आणि मग मला तुझा इतका राग आला की काय सांगू. तुला माझ्या ताकाचा हेवा! अव्वा जेवते माझ्या घरी, पण तिच्या तोंडात नाव कुणाचं असतं? गुरम्मा असं करायची, गुरम्मा तसं करायची. पोरांना गोष्ट सांगते तीही तुझ्या लहानपणची. मी कधी लहान नव्हतेच जणू. सणाला पहिला घास घेण्याआधी ती नांदेडच्या दिशेला तोंड करून बसते, हे तुला माहीत आहे? मी वाढपी झाले आहे अक्का, लेक तूच आहेस.

त्या रागात मी एक केलं. अव्वाला वाचता येत नाही, तुझी पत्रं तिला नेहमी मीच वाचून दाखवते आणि नको ते गाळते. यावेळी काही गाळलं नाही. थोरली कशी भांडते ते तिला कळावं म्हणून तांब्यापासून ताकापर्यंत सगळं मोठ्याने वाचलं. मला वाटलं ती तुझ्यावर चिडेल.

ती तेव्हा जेवत होती. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली. दुसऱ्या दिवशी यांना म्हणाली की मला न्हाई यायचं बोटीवर, माझं तिकीट मोडा. हे म्हणाले की बोटीत भीती नाही. ती म्हणाली की मी भीत न्हाई, मला गरजच न्हाई. आज सकाळी बोचकं बांधून एसटी स्टँडवर गेली. देवणीला जाते असं पोरांना सांगून गेली. तिथं पाण्याचा थेंब नाही, हे तरी तिने पाहायचं होतं.

झालं तुझं समाधान? आता केबिनमध्ये अव्वा ना तुझ्यासोबत, ना माझ्यासोबत. तुमची दोन तिकिटं ठेवायची की मोडायची ते लगेच कळव, आता उशीर चालणार नाही.

राग उतरला की पूर्वीसारखी माया कर, तोवर आहे तेवढी पुरवते.
शिवकांता

*

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

नांदेड
ता. २२ एप्रिल १९८३

चि. सौ. शिवकांता हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अव्वा देवणीला गेली नाही. ती इथं आहे. तुझ्या पत्राआधी तीच पोचली.

अठराच्या दुपारी दार वाजलं. बघते तर अव्वा, घामाने निथळलेली. मी सवयीने भिंतीजवळ सतरंजी टाकली. ती बसली नाही. सरळ स्वयंपाकघरात आली आणि माझ्या माठाजवळ उभी राहून म्हणाली की गुरे, पाणी दे. मला वाटलं उन्हाने तिला भोवळ आली. मी तिच्या पिशवीत तांब्या शोधायला लागले. तेव्हा म्हणाली की तांब्या लातूरलाच ठेवून आले, तुझ्या भांड्यात दे.

शिवकांता, देता देता मी अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. ती प्यायली. मग म्हणाली की ज्यांनी रिवाज केला त्यांनी तुझं तोंड बघितलं नव्हतं, मी बघत होते आणि तरी गप बसले. घोटभर पाण्यासाठी माझ्या लेकीला समुद्रापर्यंत जावं लागत असेल तर आग लागो त्या रिवाजाला. दाजी दुकानातून आले होते, ते दारातच चप्पल हातात घेऊन उभे राहिले.

मग तिची लिंगपूजा झाली आणि मी ताट वाढलं. पहिल्याच घासाला म्हणाली की आमटीत मीठ जास्त झालंय. दाजी घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! परक्याच्या घरी कोण असं बोलतं?

तू वाचून दाखवलंस ते माझी खोड मोडावी म्हणून, हे मला ठाऊक आहे. तरी तुझे उपकार मानते. पण फार नाही मानत, कारण एकवीस वर्षांत हे तिच्या कानावर तुला आधीच घालता आलं असतं, आणि मलाही लिहिता आलं असतं.

आमची दोन्ही तिकिटं मोड. मला वेळ नाही. अव्वा किती दिवस राहणार ते मी विचारलेलं नाही आणि तूही विचारू नकोस. केबिन तुला लखलाभ.

तुझ्यावर जीव आहे. सध्या जरा गुंतलेला आहे, इतकंच.
तुझी अक्का,
गुरम्मा

*

पणजी
ता. १४ मे १९८३

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कार्डावर जागा कमी, म्हणून थोडक्यात. काल सकाळी मुंबईहून निघालो, आज इथं उतरलो. पोरं डेकवरून हलेनात. हे सगळ्यांना नव्या जिल्ह्याची माहिती देत होते. केबिनमध्ये मी एकटी. अव्वाच्या जागेवर पिशव्या ठेवल्या होत्या, रात्री त्या उचलून खाली ठेवल्या.

समुद्र मोठा आहे, लोक म्हणतात तसाच. मी खिडकीतून बघत होते, पण खरं सांगते, सकाळ झाली तेव्हा अव्वाची पूजा उरकली असेल हेच मनात आलं, मग तू भाकरी थापत असशील हे आलं, आणि मग मला काही दिसेना. तू एकवीस वर्षं असं काढलंस का ग? मला महिना झाला नाही आणि जीव जळतो आहे.

अव्वाला इतक्यात पाठवू नकोस. मी मागितली तरी पाठवू नकोस. फक्त रोज काय वाढलंस ते कळवत जा, आणि ती ताक मागून घेते की नाही तेही लिही. मला वाईट वाटेल म्हणून काही गाळू नकोस.

तुझी,
शिवकांता