कमळाच्या दाराशी उजवीकडे

अप्पा, वेलचेरीतल्या आमच्या इमारतीत आता कोणी दारापुढे पिठाची रांगोळी काढत नाही. दारोदार प्लास्टिकच्या चिकटवलेल्या रांगोळ्या आहेत, बारा महिने तीच नक्षी. समोरच्यांच्या दाराशी तर कमळच आहे. आज भाजी घेऊन वर येताना ते पाहिलं आणि एकटीच हसत सुटले. तुमचा नकाशा इथे अगदी बिनचूक चालला असता.

तेव्हा गिंडीला लहान लहान कारखान्यांची नवी वसाहत उभी राहत होती. तिथल्या एका पंपांच्या कारखान्याला यंत्रांची चित्रं उतरवून काढायला माणूस हवं होतं आणि त्यांनी मला सकाळी नऊला भेटीला बोलावलं होतं. त्याच आठवड्यात आपल्या मांबळमच्या घरामागच्या मुलींच्या शाळेचंही पत्र आलं, शिक्षिकेच्या जागेचं. तुम्ही नाकासमोर चालणारे सरकारी कारकून. जेवताना म्हणालात, "शाळा चार पावलांवर आहे कीं ग. वाट वाकडी करून गिंडीला कोठें जातीस?" मी म्हणाले, मला पाढे शिकवायला नाही आवडत, रेघा ओढायला आवडतं. आई सांबार वाढता वाढता म्हणाली, "जाऊं द्या तिला. तिचा हात माझ्यापेक्षां बरा आहे." माझा हात आईनंच तयार केला होता, रोज पहाटे दारात ठिपके मांडायला लावून. दोन दिवस गेले. मग म्हणालात, "एकदां जाऊन ये. नऊ म्हंजे नऊ. नाहीं जमलं तर शाळेला होय म्हणून लिहायचं." मी कबूल झाले.

आदल्या संध्याकाळी तुम्ही माझ्या हातात एक कागद ठेवलात. "ऑफिसांत एकाला विचारून काढला," म्हणालात. गिंडीचं स्टेशन, चहाचं दुकान, विहीर, मग घरांची लांब गल्ली, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. आणि शेवटी : 'आठ पाकळ्यांचें कमळ असलेल्या दारापाशीं उजवीकडे.' शेजारी कमळही काढलं होतं, ठिपक्यांसकट. भेटीच्या धास्तीत मी त्यावर मुळीच विचार केला नाही.

गल्लीत शिरले. एका दारात रथ, एका दारात शंख, पुढे दोन मोर, पण कमळ कुठेच नाही. गल्ली संपली, परत फिरले, पुन्हा मोर. मग डोक्यात प्रकाश पडला आणि असा राग आला म्हणून सांगू! अप्पा, वीस वर्षं आईची रांगोळी ओलांडून तुम्ही ऑफिसला जात होता आणि ती रोज सकाळी नवी असते हे तुमच्या गावीही नव्हतं. पावणेनऊ झाले होते. पाढे शिकवणंच नशिबात आहे, असं वाटून डोळे भरून आले.

मोरांच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. मी तमिळमध्ये रस्ता विचारून कागद पुढे केला. तिनं तो डोळ्यांजवळ धरला आणि खो खो हसली. "अय्यो, हे तर माझं कालचं कोलम, दारातली रांगोळी! काल सकाळी एक छत्रीवाले गृहस्थ दारात उभे राहून उतरवत होते. मला वाटलं, सरकारी मोजणीवाले. मग विचारतात, आम्मा, रोज या वेळी इथे दारात कोणी असतं का? उद्या माझी मुलगी येईल. रुळांकडेची वाट जवळची आहे, पण तिथे चिटपाखरू नसतं, म्हणाले." आणि मग माझ्यावरच ओरडली, "उभी काय राहिलीस? हेच उजवीकडचं वळण. पळ!"

नऊला दोन मिनिटं असताना पोचले. मालकांनी एक चित्र उतरवायला दिलं, माझी रेघ पाहिली आणि सोमवारपासून या म्हणाले. तिथेच माझी सगळी नोकरी झाली, अप्पा, आणि एक दिवसही मला पश्चात्ताप झाला नाही. बरोबरचे सगळे रुळांकडेच्या वाटेनं यायचे. मी मात्र ती म्हातारी होती तोवर गल्लीतूनच गेले, दहा मिनिटं जास्त चालून.

त्या संध्याकाळी तुम्ही दारातच उभे होता. नोकरीचं राहिलं बाजूला, आधी विचारलंत, "कमळ दिसलं?" मी म्हणाले, "दिसलं." तुम्ही आईकडे वळून म्हणालात, "बघ, खूण अशी सांगावी लागते." आईनं तोंडाला पदर लावला. तिला तेवढ्यात सगळं कळलं असणार.

हे पत्र माझ्या वहीतच राहणार. पण एक सांगून टाकते. कमळ दिसलं हे खोटं होतं. आणि आत जाताना मी म्हणाले होते, ऑफिसातल्या त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा, तेव्हा ते गृहस्थ कोण, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही छत्री खुंटीला अडकवत, माझ्याकडे न बघता, "सांगीन" म्हणालात. पोचला ना, अप्पा?